न्यू जर्सीत घराचं टॅक्स अपील आणि अप्रेझर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर फेब्रुवारीत टाउनशिपचं असेसमेंटचं कार्ड पोस्टाने येतं आणि ओळखीपाळखीतून फोन सुरू होतात. मी वकील नाही, घराचा बाजारभाव काढून देणारा अप्रेझरही नाही. मिडलसेक्स काउंटीत घर असलेला आणि दोनदा अपील केलेला साधा घरमालक आहे. पहिल्यांदा हरलो, दुसऱ्यांदा असेसमेंट उतरलं. दोन्ही वेळचं शहाणपण इथे एकत्र लिहून ठेवतो आहे, म्हणजे फोनवर तेच तेच सांगावं लागणार नाही.

टॅक्स फार वाढलाय. त्याविरुद्ध अपील करता येतं का?

टॅक्सविरुद्ध नाही, फक्त असेसमेंटविरुद्ध. हा फरक डोक्यात पक्का बसल्याशिवाय पुढे वाचण्यात अर्थ नाही.

असेसमेंट म्हणजे टाउनशिपने तुमच्या घराला लावलेली किंमत. टॅक्स म्हणजे त्या किमतीला त्या वर्षीच्या दराने गुणून येणारी रक्कम, आणि दर ठरतो शाळा, काउंटी आणि म्युनिसिपालिटी यांच्या बजेटवरून. असेसमेंट जागचं हललं नाही तरी शाळेचं बजेट वाढलं की बिल वाढतं. २०२४ मध्ये राज्यातलं सरासरी बिल वर्षाला १०,००० डॉलरच्या वर गेलं. "साहेब, बिल परवडत नाही" हे अपील ऐकणाऱ्या काउंटी टॅक्स बोर्डापुढे सांगून काही होत नाही. ज्येष्ठांसाठीचं सीनियर फ्रीझ किंवा अँकर यांसारख्या राज्याच्या टॅक्स-सवलती वेगळ्या आहेत, त्यांचे अर्ज वेगळे, त्यांचा अपिलाशी संबंध नाही.

असेसमेंट ४ लाख २० हजार आहे आणि घर तर सहज ६ लाखांना जाईल. म्हणजे मला कमीच लावलंय ना?

बहुतेक जण इथेच फसतात आणि कार्ड कचऱ्यात टाकतात.

न्यू जर्सीत असेसमेंट बाजारभावाएवढं असेलच असं नाही. ज्या गावात अनेक वर्षांत रिव्हॅल्युएशन, म्हणजे सगळ्या घरांची किंमत नव्याने ठरवणं, झालेलं नाही तिथे सगळ्यांचीच असेसमेंट जुन्या काळात अडकलेली असतात. जर्सी सिटीत १९८८ नंतर थेट २०१८ मध्ये रिव्हॅल्युएशन झालं, म्हणजे मधली तीस वर्षं सगळे जुन्या आकड्यांवरच टॅक्स भरत होते. म्हणून राज्य सरकार दरवर्षी प्रत्येक गावाचा एक सरासरी रेशो जाहीर करतं: या गावातली असेसमेंट बाजारभावाच्या सरासरी किती टक्के आहेत. तुमचं असेसमेंट तपासताना हाच रेशो लावतात. १९७३ च्या कायद्यातलं हे कलम सगळे 'चॅप्टर १२३' म्हणून ओळखतात.

समजा तुमच्या गावाचा रेशो ६० टक्के आहे. ४ लाख २० हजारांना ०.६० ने भागा. येतात ७ लाख. म्हणजे टाउनशिपच्या लेखी तुमचं घर ७ लाखांचं आहे. आता बोला, ते कमी की जास्त?

पण गंमत इथे संपत नाही. कायदा रेशोच्या दोन्ही बाजूंना १५ टक्क्यांची ढील देतो. ६० टक्के रेशोची वरची मर्यादा होते ६९ टक्के. तुमचं असेसमेंट खऱ्या बाजारभावाच्या ६९ टक्क्यांपेक्षा जास्त असेल तरच ते उतरतं. ४ लाख २० हजारांना ०.६९ ने भागलं की साधारण ६ लाख ८ हजार ७०० येतात. घराची खरी किंमत त्याखाली आहे हे सिद्ध झालं तर तुम्ही जिंकलात. किंमत ६ लाख २० हजार निघाली तर असेसमेंट जास्त असूनही एक डॉलर कमी होणार नाही, कारण तुम्ही त्या ढिलीच्या आत आहात. आणि किंमत बरोबर ६ लाख निघाली तर असेसमेंट थेट ६० टक्क्यांवर, म्हणजे ३ लाख ६० हजारांवर येतं. ६९ वर अडकत नाही.

अप्रेझरला फोन करण्याआधी हा भागाकार स्वतः करा. गावाचा रेशो आणि दोन्ही मर्यादा राज्याच्या टॅक्सेशन विभागाच्या संकेतस्थळावर असतात. तुमचा तो 'त्याखाली किंमत गेली तर जिंकलो' असा आकडा कागदावर लिहून ठेवा. पुढचा सगळा खर्च करायचा की नाही, हे त्या एका आकड्यावर ठरतं.

गावात नुकतंच रिव्हॅल्युएशन झालं असेल तर त्या वर्षी मात्र ही ढील नसते, असेसमेंट सरळ बाजारभावाशी तोलतात. त्या वर्षी रिव्हॅल्युएशन करणारी कंपनी आधी पत्र पाठवून भेटीची वेळ देते. ती भेट चुकवू नका, बरीच प्रकरणं तिथेच मिटतात.

असेसर आणि अप्रेझर एकच का?

नाही. असेसर हा टाउनशिपचा अधिकारी. गावातल्या झाडून सगळ्या घरांचं असेसमेंट तो ठरवतो. अप्रेझर हा राज्याचं लायसन्स असलेला स्वतंत्र व्यावसायिक, पैसे देऊन तुम्ही नेमलेला. तो एकाच घराचा, एका ठराविक तारखेचा बाजारभाव काढून सही करून देतो.

मुंबई-पुण्याहून आलेल्यांचा गोंधळ वेगळा असतो. तिकडे घरपट्टी म्हटलं की मुंबईत २०१० पासून रेडी रेकनरवर आधारलेलं भांडवली मूल्य, पुण्यात वार्षिक करपात्र रक्कम. दोन्हीकडे सूत्र ठरलेलं, त्यात तुमच्या स्वयंपाकघराची अवस्था कुणी विचारत नाही. इथे विचारतात. गिऱ्हाइकाने ठरलेल्या तारखेला हे घर, याच अवस्थेत, केवढ्याला घेतलं असतं, हाच सगळा वाद आहे. आणि बँकेच्या पॅनेलवरच्या व्हॅल्युअरला 'जरा वाढवून लिहा' म्हणायची सवय असेल तर ती विमानतळावरच सोडून यावी.

अप्रेझर नेमायलाच हवा का?

कायद्याने सक्ती नाही. काउंटी टॅक्स बोर्डापुढे घरमालक स्वतः तुलनेची घरं, म्हणजे कॉम्प्स, घेऊन जाऊ शकतो. तीन ते पाच पुरतात.

माझं मत असं. टाउनहाउस किंवा काँडो असेल आणि त्याच कॉम्प्लेक्समध्ये त्याच मॉडेलची तीन युनिट गेल्या वर्षभरात विकली गेली असतील, तर अप्रेझरवर पैसे घालवू नका. तुलना आपोआप होते, बोर्डाच्या कमिशनरलाही (अपील ऐकणारा सदस्य) पटते. नुकतंच घर घेतलं असेल आणि व्यवहार परक्या माणसाशी, बाजारात रीतसर जाहिरात होऊन झाला असेल, तर तुमची स्वतःची खरेदीची किंमत हाच चांगला पुरावा. प्रॉपर्टी रेकॉर्ड कार्डावर, म्हणजे टाउनशिपकडे तुमच्या घराची जी नोंद असते तिच्यात, ढोबळ चूक असेल, दोन बाथरूमची तीन, नसलेलं डेक, तर आधी असेसरला फोन करा. या चुका त्याच्या पातळीवर दुरुस्त होऊ शकतात.

पण घर एकटं, वेगळ्या धाटणीचं असेल, जुन्या गल्लीत पाच घरं पाच तऱ्हांची असतील, मागे रूट १ किंवा २८७ या हायवेचा आवाज असेल, एक्स्टेन्शन झालेलं असेल, तर अप्रेझर हवाच. तिथे 'या घराला गॅरेज जास्त, त्याला बेसमेंट नाही' या फरकांची किंमत डॉलरमध्ये मांडावी लागते. ती आपण मांडली तर अंदाज ठरतो, त्याने मांडली तर पुरावा.

कारण एक गोष्ट आधीच टाउनशिपच्या बाजूने असते: असेसमेंट बरोबर आहे असं कायदा गृहीत धरतो. चूक दाखवण्याचं ओझं तुमच्यावर.

गेल्या वर्षी रिफायनान्सच्या वेळी बँकेने अप्रेझल केलं होतं. ते चालेल का? आणि झिलोवरचा आकडा?

दोन्ही नाही. बँकेचं अप्रेझल बँकेसाठी केलेलं असतं, तारीख वेगळी असते, आणि ते करणारा माणूस तुमच्या हिअरिंगला येणार नसतो. अप्रेझरचा रिपोर्ट पुरावा म्हणून द्यायचा तर त्या अप्रेझरने स्वतः हजर राहून उलटतपासणीला उत्तरं द्यावी लागतात. झिलो या घरांच्या संकेतस्थळावरचा झेस्टिमेट हा संगणकाचा अंदाज, त्याला कोण प्रश्न विचारणार? रिअल्टर (घरं विकणारी एजंट) मैत्रीण फुकटात देते ती सीएमए, म्हणजे आसपासच्या विक्र्यांची तुलना, स्वतःच्या माहितीसाठी छान, पण ते अप्रेझल नव्हे.

तारखेचं हे काय प्रकरण आहे?

किंमत बघायची ती टॅक्सच्या वर्षाआधीच्या १ ऑक्टोबरची. २०२६ च्या असेसमेंटसाठी १ ऑक्टोबर २०२५. आज बाजार पडला आहे की चढला, याला महत्त्व नाही.

मी पहिल्यांदा हरलो ते इथेच. इंटरनेटवरून तीन घरं काढून नेली, सगळी फेब्रुवारी-मार्चमध्ये विकलेली. त्यातलं एक वडिलांनी मुलाला दिलेलं निघालं, असा घरगुती व्यवहार कॉम्प म्हणून धरतच नाहीत, लिलावात निघालेल्या घरांचंही तेच. कमिशनरबाईंनी शांतपणे विचारलं, "मग १ ऑक्टोबरला किंमत किती होती?" माझ्याकडे तीन आकड्यांची सरासरी होती. सात मिनिटांत बाहेर.

अपिलाची मुदत काय आणि अप्रेझरला कधी गाठायचं?

बहुतेक काउंट्यांत १ एप्रिल, किंवा टाउनशिपने कार्डं पाठवून पूर्ण केल्याच्या तारखेपासून ४५ दिवस, यातली नंतरची तारीख. गावभर रिव्हॅल्युएशन किंवा रीअसेसमेंट झालं असेल तर १ मे. मॉनमथ, बर्लिंग्टन आणि ग्लॉस्टर या तीन काउंट्यांचं कॅलेंडर वेगळं आहे: कार्ड नोव्हेंबरात येतं आणि मुदत १५ जानेवारीला संपते. फ्रीहोल्ड किंवा मार्लबरोच्या लोकांनी एडिसनच्या मित्राचं ऐकून मार्चपर्यंत थांबू नये.

ही मुदत म्हणजे अर्ज पोचण्याची मुदत. पोस्टाचा शिक्का कामाचा नाही. सत्यनारायण आहे, भारतात गेलो होतो, कार्ड मिळालंच नाही, यातलं कुठलंही कारण चालत नाही.

मार्चमध्ये अप्रेझर मिळत नाहीत, मिळाले तर घाईत असतात. कार्ड हातात पडलं त्याच आठवड्यात फोन करा. अर्ज आधी भरून रिपोर्ट नंतर दिला तरी चालतं, फक्त तो हिअरिंगच्या किमान सात दिवस आधी बोर्ड, असेसर आणि म्युनिसिपल क्लार्क या तिघांकडे पोचलेला हवा.

अर्जाची फी असेसमेंटवर ठरते: दीड लाखांच्या आत ५ डॉलर, तिथून ५ लाखांपर्यंत २५, १० लाखांपर्यंत १००, त्यावर १५०. आणि चालू वर्षाच्या पहिल्या तिमाहीपर्यंतचा टॅक्स भरलेला असावा लागतो. अपील चालू आहे म्हणून टॅक्स रोखून धरायचा, हा सल्ला कुणी दिला तर त्याचे आभार माना आणि विषय बदला.

अप्रेझर किती घेतो? टक्केवारीवर काम करेल का?

घराच्या रिपोर्टचे काही शे डॉलर, आणि हिअरिंगला येण्याचे बहुधा वेगळे. हे दोन्ही आकडे आधीच लेखी घ्या. रिपोर्ट स्वस्तात देणारा आणि हजेरीचे दुप्पट लावणारा भेटला की पंचाईत होते, कारण त्याच्याशिवाय तो रिपोर्ट म्हणजे रद्दी.

टक्केवारीवर मात्र नाही. 'जेवढा टॅक्स वाचेल त्याचा हिस्सा' किंवा 'अमुक आकडा आला तरच पैसे' असा करार करायला अप्रेझरला यूस्पॅपची बंदी आहे. यूस्पॅप म्हणजे देशभरातल्या अप्रेझरना बांधणारी व्यावसायिक नियमावली. असं काम घेणारा भेटला तर तो एक तर अप्रेझर नाही किंवा चांगला अप्रेझर नाही. टॅक्स अपिलाच्या वकिलाला मात्र वाचलेल्या रकमेच्या टक्केवारीवर काम करता येतं, आणि पोस्टाने घरी येणारी पत्रकं सहसा त्यांची असतात.

परवडतं का, हा हिशेब सोपा. वरच्या उदाहरणात असेसमेंट ६० हजारांनी उतरलं. गावाचा दर शंभराला ३ डॉलर असेल तर वर्षाला १,८०० डॉलर. तेच दहा हजारांनी उतरणार असेल तर ३०० डॉलर, आणि मग अप्रेझरची फी भरून हाती धुपाटणं.

फोनवर अंदाजे किंमत सांगेल का?

नाही सांगणार, आणि त्याचा राग मानू नका. अप्रेझरने तोंडी सांगितलेली किंमतही नियमाने अप्रेझलच धरली जाते, त्यामागे कामाचं टिपण लागतं.

पण एक मधला मार्ग आहे, जो मला दुसऱ्या वेळी माझ्या अप्रेझरनेच सुचवला. आधी घर बघून आणि विक्र्या तपासून त्याने निष्कर्ष तोंडी सांगायचा, त्याची कमी फी. तो आकडा तुमच्या 'त्याखाली गेली तर जिंकलो' या आकड्याच्या खाली असेल तरच लेखी रिपोर्ट करायला सांगायचा. वर असेल तर तिथेच थांबायचं. त्याचा निष्कर्ष गोपनीय असतो, तो टाउनशिपला जाऊन सांगत नाही.

मला विचाराल तर अप्रेझरचा खरा उपयोग हाच. तो तुमचा वकील नाही, तुमच्या बाजूने भांडत नाही. 'तुमची केस नाही' हे दोन-तीनशे डॉलरांत सांगून त्याने तुमचा एप्रिल-मे-जून वाचवला तर तेही कामच झालं. लोकांना हे पटत नाही. पैसे दिले म्हणजे माणूस आपला, असं वाटतं.

चांगला अप्रेझर कसा ओळखायचा?

राज्याचं लायसन्स बघा. घरांसाठी 'सर्टिफाइड रेसिडेन्शियल' पुरे, तो एक ते चार कुटुंबांचं कुठल्याही किमतीचं घर करू शकतो. 'सर्टिफाइड जनरल' त्याच्या वर, तो दुकानं-गोदामंही करतो. लायसन्स चालू आहे की नाही हे फेडरल अप्रेझल सबकमिटीच्या देशव्यापी यादीत नाव घालून दोन मिनिटांत कळतं.

त्यापेक्षा महत्त्वाचा प्रश्न: तुमच्या काउंटी बोर्डापुढे तो या आधी उभा राहिला आहे का? वर्षभर बँकांसाठी रिपोर्ट करणारा माणूस कामाला पक्का असतो, पण साक्षीला उभा राहिला की गडबडतो. आणखी एक विचारा, तुमच्याच टाउनशिपचं काम करतो का. करत असेल तर तो स्वतःच नाही म्हणेल. आणि त्याने 'चॅप्टर १२३' किंवा १ ऑक्टोबरचा उल्लेख तुम्ही काढण्याआधी काढला, तर माणूस योग्य आहे.

तो घरी येणार. घर आवरून, चकचकीत करून ठेवायचं का?

उलट! विकायला दाखवतो तसं सजवू नका, दिवाळीसारखं तर मुळीच नको. अर्थात मुद्दाम पसाराही करू नका, त्याला पसारा दिसत नाही, भिंती दिसतात. १९८४ चं स्वयंपाकघर असेल तर ते दिसू द्या. छताला डाग, बेसमेंटमध्ये पाणी शिरल्याची खूण, खिडक्यांचं कुजलेलं लाकूड, जुना बॉयलर, हे सगळं दाखवा. दुरुस्तीची कोटेशन्स असतील तर हातात द्या.

बेसमेंटबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण आपल्याकडे सगळं घडतं बेसमेंटमध्ये. मंडळाची तालीम, मुलांचा वाढदिवस, आईबाबा आले की त्यांची खोली. पण अप्रेझलच्या हिशेबात जमिनीखालचं क्षेत्रफळ घराच्या राहत्या क्षेत्रफळात धरत नाहीत. ते वेगळ्या ओळीत येतं आणि त्याचा दर वरच्या मजल्यापेक्षा बराच कमी असतो. तुमचं रेकॉर्ड कार्ड टाउनशिपकडून मागून घ्या आणि तिथे बेसमेंट राहत्या क्षेत्रात घुसलंय का ते बघा. माझ्या कार्डावर बेसमेंटमध्ये एक पूर्ण बाथरूम होतं. आमच्या बेसमेंटमध्ये आजतागायत एक नळ आणि एक बादली आहे.

मात्र परमिट न काढता बेसमेंट फिनिश केलं असेल तर आधी विचार करा. अप्रेझर जे दिसतं ते लिहिणार, आणि तो रिपोर्ट असेसरच्या टेबलावर जाणार. झाकून ठेवायचं असेल तर अपिलाच्या वाटेला न गेलेलं बरं.

शेजाऱ्याचं घर माझ्यापेक्षा मोठं, तरी त्याचं असेसमेंट कमी. हा पुरावा नाही का?

न्यू जर्सीच्या काउंटी बोर्डापुढे नाही. दुसऱ्याचं असेसमेंट चालत नाही, दुसऱ्याच्या घराची विक्री चालते. कदाचित शेजाऱ्याचंच चुकलं असेल. आणि ते तुम्ही असेसरला दाखवून दिलंत तर शेजाऱ्याशी पुढची दहा वर्षं कसे संबंध राहतील, हा अप्रेझरचा विषय नाही.

आमच्या भागात पूर्वाभिमुख घरं जास्त किमतीला जातात. आमचं दक्षिणाभिमुख आहे. तो मुद्दा मांडता येईल?

अप्रेझर स्वतःहून वास्तूची वजावट करत नाही. त्या भागातल्या विक्र्यांत तसा फरक स्पष्ट दिसत असेल तरच त्याला तो धरता येईल, आणि तसं दिसण्याइतकी एकसारखी घरं क्वचित मिळतात. 'इथे आपले लोक वाढले म्हणून भाव वाढले' किंवा त्याच्या उलट काही त्याने लिहावं असा आग्रह धरू नका. वस्ती कुणाची आहे यावर किंमत ठरवायला १९६८ च्या फेअर हाउसिंग कायद्याने बंदी आहे.

हिअरिंगमध्ये नेमकं काय होतं?

कोर्टरूम डोळ्यांपुढे आणू नका. एक टेबल, एक-दोन कमिशनर, असेसर, टाउनशिपचा वकील, आणि बाहेर रांग. शपथ होते. तुमचा अप्रेझर थोडक्यात सांगतो: ही घरं, हे फरक, ही किंमत. टाउनशिपचा वकील प्रश्न विचारतो, "हे तिसरं घर अडीच मैल दूर का घेतलंत?" यापलीकडे फारसं काही नसतं. दहा-पंधरा मिनिटं.

तुम्ही मधे बोलू नका. मला हे फार कठीण गेलं.

बरेचदा गोष्ट तिथवर जातच नाही. रिपोर्ट वाचून असेसर आधीच फोन करतो आणि एका आकड्यावर तडजोड सुचवतो. त्यावर दोघांच्या सह्या आणि मग बोर्डाची मंजुरी. माझं दुसऱ्या वेळी तसंच झालं. आकडा अप्रेझरच्या आकड्यापेक्षा थोडा वर होता. घ्यावा की नाही, हे मी त्याला विचारलं तर म्हणाला, "मी फक्त किंमत सांगतो." बरोबरच होतं त्याचं. तडजोड मान्य केली की त्या वर्षापुरता विषय संपतो, वरच्या कोर्टात जाता येत नाही, एवढं ध्यानात ठेवून ठरवा.

गैरहजर राहिलात तर अपील फेटाळलं जातं आणि वरचा दरवाजाही बंद होतो.

आम्ही पुण्याला परत आलोय, घर एडिसनला आहे. माझा भाऊ तिकडेच असतो, तो हिअरिंगला गेला तर?

भाऊ घराचा सहमालक किंवा न्यू जर्सीचा वकील असेल तरच. नातेवाईक तुमच्या वतीने बाजू मांडू शकत नाही, अप्रेझरही नाही. तो साक्षीदार, वकील नव्हे. अशा वेळी वकील नेमा. घर एलएलसीच्या, म्हणजे कंपनीच्या, नावावर असेल तर तुम्ही स्वतः न्यू जर्सीत असलात तरी वकील लागतोच.

घर भाड्याने दिलेलं असेल तर आणखी एक फास आहे. उत्पन्न देणाऱ्या मालमत्तेच्या मालकाला असेसर भाड्याचा आणि खर्चाचा तपशील मागणारं पत्र सर्टिफाइड पोस्टाने पाठवू शकतो. 'चॅप्टर ९१' म्हणतात त्याला. ४५ दिवसांत उत्तर दिलं नाही तर अपील जवळजवळ मेल्यात जमा. पत्र न्यू जर्सीच्या पत्त्यावर आलं आणि तुम्ही कोथरूडला, असं होऊ देऊ नका.

अपील केलं आणि असेसमेंट उलट वाढलं, असं होऊ शकतं?

हो. ढील दोन्ही बाजूंना आहे. तुमचं असेसमेंट खालच्या मर्यादेच्याही खाली निघालं तर ते वाढवून सरासरी रेशोवर आणता येतं, आणि टाउनशिप उलट अपील दाखल करू शकते. आधी भागाकार करा, असं मी वर म्हटलं ते उगाच नाही.

हरलो तर?

काउंटी बोर्डाचा निकाल पाठवल्याच्या तारखेपासून ४५ दिवसांत न्यू जर्सीच्या टॅक्स कोर्टात जाता येतं. राहत्या घरांसाठी तिथे स्मॉल क्लेम्सचा सुटसुटीत विभाग आहे. असेसमेंट १० लाखांपेक्षा जास्त असेल तर बोर्ड टाळून सरळ तिथे जाता येतं. पण अप्रेझरचा रिपोर्ट बोर्डापुढे टिकला नसेल तर तोच रिपोर्ट घेऊन वर जाऊ नका.

जिंकलो तर दरवर्षी पुन्हा भांडायचं का?

बहुधा नाही. फ्रीझ ॲक्टखाली निकालातलं असेसमेंट पुढची दोन वर्षं तसंच राहतं, मधे गावभर रिव्हॅल्युएशन झालं नाही किंवा तुम्ही वर मजला चढवला नाहीत तर. त्यामुळे वरचे १,८०० डॉलर खरं तर तीन वर्षांचे ५,४०० मोजायचे. तडजोडीने मिटवत असाल तर फ्रीझ लागू राहील का, हे सही करण्याआधी विचारा.

मी टेक्सासमध्ये आहे. हे सगळं मला लागू पडतं का?

फारसं नाही. तिकडे किंमत १ जानेवारीची, मुदत साधारण १५ मे किंवा नोटिशीनंतर ३० दिवस, आणि मुख्य म्हणजे शेजारच्या तशाच घरांच्या तुलनेत तुमची किंमत जास्त लावली, हा मुद्दा तिकडे चालतो, जो इथे चालत नाही. कॅलिफोर्नियात तर १९७८ च्या प्रपोझिशन १३ मुळे वाढच वर्षाला २ टक्क्यांवर रोखलेली, त्यामुळे अपील करायचं कारण मुख्यतः बाजार पडल्यावर येतं. अप्रेझर निवडण्याबद्दल आणि टक्केवारीबद्दल वर लिहिलं ते मात्र सगळीकडे सारखंच.

जिंकलो, मग चेक कधी येईल?

चेकची वाट बघू नका. फरक सहसा पुढच्या हप्त्यांत वळता होतो, ऑगस्ट किंवा नोव्हेंबरच्या बिलात. टॅक्स बँकेच्या एस्क्रोमधून, म्हणजे कर्जाच्या हप्त्याबरोबर बँक टॅक्ससाठी पैसे जमा करते त्या खात्यातून, जात असेल तर बँकेला निकालाची प्रत पाठवा आणि एस्क्रोचा हिशेब नव्याने करायला सांगा. मी पाठवली नव्हती. बँकेने पुढचे आठ महिने जुन्याच टॅक्सच्या अंदाजाने हप्ता कापला.